निरर्थकाचा लाभार्थी कोण?

पुण्याच्या मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ साली खुली झाली तेव्हा तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले होते. त्याआधी, १८७६ ते १८८२ या काळात, जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे. इमारत झालीच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचे नाव बदलले आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे. ज्यांनी ‘नको’ म्हटले त्यांच्याच नावाने ती उभी आहे.

ही हकिगत सांगितली की समोरचा पुणेकर हमखास म्हणतो, काय पण विसंगती! मंडईतल्या गप्पांच्या अड्ड्यावर, ‘मंडई विद्यापीठा’च्या कट्ट्यावर, तर एवढ्यावर अख्खी संध्याकाळ निघेल. पण या विसंगतीत अनाकलनीय असे काहीही नाही. खर्च कोणी मंजूर केला, विरोध कोणी केला, नाव कोणी बदलले आणि कशासाठी बदलले, हे सगळे शोधून काढता येते. अर्थहीन वाटणाऱ्या गोष्टीमागेही माणसे असतात, ठराव असतात, पैसे असतात. ॲब्सर्ड नाटकाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. कारण याच फुल्यांनी मंडई बांधली जाण्याच्या तीसेक वर्षे आधी एक नाटक लिहिले होते, आणि ॲब्सर्ड नाटकाला विचारायचा सगळ्यांत अवघड प्रश्न त्या नाटकात आहे.

ॲब्सर्ड नाटक म्हणून आपण जे ओळखतो त्याची चौकट मार्टिन एस्लिनच्या १९६१ सालच्या पुस्तकाने बांधली. बेकेट, इओनेस्को, आदामोव्ह, जने या एकमेकांशी फारसे न जुळणाऱ्या लेखकांना त्याने एका पंगतीत बसवले. तत्त्वज्ञान त्याने आल्बेर कामूकडून घेतले. कामूचे म्हणणे १९४२ सालच्या ‘मिथ ऑफ सिसिफस’मध्ये आहे: माणूस जगाकडे अर्थ मागतो आणि जग गप्प राहते. निरर्थकता एकट्या माणसात नाही, एकट्या जगातही नाही. मागणारा आणि गप्प राहणारा समोरासमोर आले की ती जन्मते. कामूने हे तर्कशुद्ध, नितळ गद्यात सांगितले. एस्लिनचा मुद्दा असा, की नव्या नाटककारांनी तेच म्हणणे रंगमंचाच्या रूपातच उतरवले. जग विस्कटलेले आहे असे नाटकातले पात्र सांगत नाही, नाटकच विस्कटते.

त्यातून रंगमंचाचे संकेत बदलले. गोष्ट पुढे सरकेनाशी झाली. बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’त (पॅरिस, जानेवारी १९५३) दोन माणसे एका झाडाखाली वाट पाहतात, आणि दुसऱ्या अंकात पुन्हा वाटच पाहतात. पात्रांना भूतकाळ उरला नाही. वस्तू वाढत गेल्या: इओनेस्कोच्या ‘चेअर्स’मध्ये म्हातारा-म्हातारी न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत सुटतात, इतक्या की त्यांना उभे राहायला जागा उरत नाही. बोलणे झिजले. ‘बाल्ड सोप्रानो’ची (१९५०) कल्पना इओनेस्कोला इंग्रजी शिकण्याच्या एका पाठ्यपुस्तकावरून सुचली. सुरुवातीला घड्याळ सतरा ठोके देते आणि मालकीणबाई शांतपणे म्हणतात, नऊ वाजले. शेवटी पात्रे एकमेकांच्या अंगावर नुसते शब्द फेकतात. या सगळ्यासोबत सर्कशीतल्या विदूषकांच्या हालचाली, टोप्यांची अदलाबदल, आणि बेकेटच्या बाबतीत शांततेच्या मोजून-मापून ठेवलेल्या जागा.

एस्लिनच्या चौकटीने एक मोठे नुकसान केले. नाटकांमागची सालेच तिने पुसून टाकली. कामूचे पुस्तक आले तेव्हा पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. बेकेट प्रतिकार चळवळीत होता. त्याचा गट फुटला तेव्हा तो पळाला आणि दक्षिण फ्रान्समधल्या रुसियों गावात लपून राहिला. कधी संपणार हे माहीत नसलेली वाट त्याने खरोखरीच पाहिली होती. इओनेस्कोने रुमानियात आपल्या पिढीतले शिकलेसवरलेले तरुण एकेक करून फॅसिस्ट होताना पाहिले, आणि त्याच्या ‘ऱ्हायनोसेरस’मध्ये (१९५९) गावातली माणसे एकेक करून गेंडे होतात. या अनुभवांना पत्ता होता, तारीख होती. नंतर त्यांना ‘मानवी अवस्था’ असे भारदस्त नाव मिळाले आणि पत्ता गेला.

सॅन क्वेंटिन तुरुंगात १९५७ साली चौदाशे कैद्यांपुढे ‘गोदो’चा प्रयोग झाला, तो प्रसंग एस्लिन स्वतःच पुस्तकाच्या सुरुवातीला सांगतो. पॅरिसच्या आणि न्यूयॉर्कच्या जाणकारांना कोड्यात टाकणारे नाटक कैद्यांना लगेच कळले. एस्लिनने यावरून निष्कर्ष काढला तो असा, की पूर्वग्रह नसलेल्या प्रेक्षकाला हे नाटक थेट भिडते. मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो. कैद्यांना नाटक कळले याचे मोठे कारण हे, की आपण कोणामुळे वाट पाहतो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. कोठडीचे कुलूप कोणी लावले, शिक्षा कोणी दिली, सुटकेच्या कागदावर सही कोण करणार, हे सगळे त्यांना माहीत होते. त्यांच्या लेखी गोदो हे तत्त्वज्ञानातले कोडे नव्हते.

आता मराठीकडे येतो. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत अशी नाटके येऊ लागली तेव्हा त्यांच्यावर पहिला आक्षेप आला तो उसनेपणाचा. महायुद्ध तिकडे झाले, देव तिकडे मेला, मग पेठांमध्ये राहणाऱ्या, सत्यनारायण घालणाऱ्या माणसांनी शून्याच्या गप्पा कशाला माराव्यात? हा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. पण तो घेणाऱ्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्या: नाटक खेळण्याची रीत आणि त्यामागचा विचार.

रीत आपल्याला नवी नव्हतीच. दशावतारात एका बाकड्यावर सगळी राज्ये आणि सगळी रणांगणे भागतात. तमाशात रंगमंचाला एक फेरी मारली की गाव बदलते. सोंगाड्या राजाच्या दरबारातून थेट समोरच्या प्रेक्षकाची खोड काढतो आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. बतावणीत शब्दाला शब्द अडकत जातो, मुद्दा राहतो बाजूला. विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या ‘सीता स्वयंवरा’तही सूत्रधार गात राही, पात्रे ऐनवेळी संवाद बोलत आणि मध्येच विदूषक शिरे. वास्तवाचा भास निर्माण करणारे, तीन भिंतींच्या दिवाणखान्यातले नाटक हेच आपल्याकडे बाहेरून आले. ते इतके रुळले की त्याच्या आधीचे सगळे आपण विसरलो, आणि चौकटीबाहेरचे काही दिसले की ते पॅरिसचे समजू लागलो.

विचार मात्र खरोखर वेगळा होता. एकनाथांचे ‘मुका’ हे भारूड आणि इओनेस्कोच्या ‘चेअर्स’चा शेवट शेजारी ठेवून पाहा. ‘चेअर्स’मध्ये म्हातारा आयुष्यभराचा संदेश जगाला सांगण्यासाठी एक वक्ता बोलावतो. वक्ता येतो, आणि तो मुका-बहिरा निघतो. त्याच्या तोंडून फक्त घोगरे आवाज निघतात. संदेश राहून जातो. तो मुका का, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. एकनाथांचा मुका आपण मुके का झालो हे सांगतो: विद्येचा ताठा केला, संतांची निंदा केली, म्हणून ही गत झाली. भारुडातली वेडीवाकडी सोंगे, जोशी, आंधळा, बहिरा, वरवर कितीही अतर्क्य असली तरी शेवटी त्यांची किल्ली मिळते. ऐकणारा कोड्यात पडतो, पण कोडे घालणाऱ्याला उत्तर माहीत आहे याची त्याला खात्री असते. युरोपातल्या नाटकाने कोडे ठेवले आणि किल्ली फेकून दिली. हा फरक लहान नाही, आणि ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ म्हणणाऱ्यांनी तो लपवू नये.

म्हणजे एका टोकाला भारूड, जिथे निरर्थकाला परमार्थाची किल्ली आहे. दुसऱ्या टोकाला ‘चेअर्स’, जिथे किल्लीच नाही. फुल्यांचे नाटक या दोन्ही टोकांपासून दूर, तिसऱ्याच जागी उभे आहे.

‘तृतीय रत्न’ फुल्यांनी १८५५ साली लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. पुढे शंभरावर वर्षे ते छापलेही गेले नाही. गोष्ट साधी आहे. एका कुणब्याची बायको गरोदर आहे. दारात जोशी येतो, ग्रहांची पीडा सांगतो, पोटातल्या मुलाची भीती घालतो. अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, दक्षिणा, एकेक करत नवरा-बायको कर्जात बुडतात. पुढे एका पाद्र्याशी बोलणे होते, वाद होतो, डोळे उघडतात, आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी काढलेल्या रात्रीच्या शाळेत जायचे दोघे ठरवतात. या सगळ्यात एक विदूषक आहे. तो कथेत गुंतलेला नाही. बाजूला उभा राहून तो जोशाच्या प्रत्येक वाक्याचा खरा अर्थ उघड करत जातो.

रंगमंचाच्या दृष्टीने हा विदूषक फार महत्त्वाचा आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खुशमस्करा, खादाड, ब्राह्मण. भाव्यांचा विदूषक करमणुकीचा. फुल्यांनी त्याच जागेवर एक साक्षीदार उभा केला. पात्रांमध्ये चाललेला व्यवहार एकीकडे आणि त्यावरचे भाष्य एकीकडे, अशी दुहेरी मांडणी केली. प्रेक्षकाने भारावून जाऊ नये, पाहता पाहता विचार करावा, यासाठी नाटकात मुद्दाम अंतर ठेवण्याची जी रीत विसाव्या शतकात ब्रेख्तच्या नावावर गाजली, तिच्या जवळ जाणारे काही पुण्यात १८५५ साली एक अठ्ठावीस वर्षांचा शिक्षक करू पाहत होता. नाट्यगुण कमी, प्रचार जास्त, असा शेरा या नाटकाला मिळत आला आहे. विदूषकाची ही योजना पाहिल्यावर तो शेरा मला मान्य होत नाही.

आणि आता तो अवघड प्रश्न. कुणब्याच्या घरात जे चालले आहे ते बाहेरून पाहणाऱ्याला पूर्णपणे ॲब्सर्ड आहे. आकाशातला ग्रह, पोटातले मूल आणि ब्राह्मणांच्या पानावरचे तूप यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. कामूच्या भाषेत, माणूस अर्थ मागतो आहे आणि जग गप्प आहे. फुले मात्र तिथे थांबत नाहीत. त्यांचा विदूषक विचारतो ते असे: जग गप्प असेल, पण त्याच्या वतीने बोलणारा हा कोण? तूप कोणाच्या पानात पडते आहे? निरर्थक कर्मकांड चालू राहते, कारण त्यावर कोणाचे तरी पोट चालते. माणसाच्या वाट्याला आलेली निरर्थकता फुल्यांना विश्वाची अवस्था वाटत नाही, त्यांना ती एक व्यवस्था वाटते. आणि व्यवस्था म्हटली की तिचा लाभार्थी आला, तिच्यातून बाहेर पडायची वाटही आली. फुल्यांच्या नाटकात ती वाट म्हणजे रात्रीची शाळा.

या प्रश्नाच्या उजेडात सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ पाहू. मंडईतून निघून बाजीराव रस्ता ओलांडला की सदाशिव पेठेतले भरत नाट्य मंदिर लागते. १९७२च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग तिथे झाला. त्यावरच्या वादातून तो करणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेतली मंडळी बाहेर पडली, १९७३ साली थिएटर ॲकॅडमी उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७४मध्ये, तिने ‘महानिर्वाण’ रंगमंचावर आणले. शनिवार पेठेत वाढलेले आणि दिवसा बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचे काम करणारे आळेकर तेव्हा पंचविशीत होते. दिग्दर्शन त्यांचेच, संगीत आनंद मोडकांचे, आणि भाऊरावांच्या भूमिकेत चंद्रकांत काळे.

भाऊराव मेलेले आहेत. नाटक तिथून सुरू होते. मेलेला माणूस उपरणे टाकून उभा राहतो आणि स्वतःच्या मरणावर कीर्तन लावतो. बायको रमा, मुलगा नाना, आणि चाळकरी. चाळकरी एकत्र येतात, एकत्र बोलतात, एकत्र हलतात. त्यांच्यातल्या एकेकाला वेगळा चेहराच नाही. जुने स्मशान बंद झाले आहे आणि भाऊरावांना जळायचे आहे ते तिथेच. म्हणून दहन अडते. प्रेत घरात राहते. इकडे रमेचे मन चाळकऱ्यांमधल्या एकावर जाते, आणि त्याची ओळख तिच्यापुरती एवढीच: डावीकडून तिसरा.

कीर्तन का? लोकपरंपरेचा वापर करायची तेव्हा लाट होती, हे एक उत्तर झाले. ते पुरत नाही. कीर्तन हा सगळ्यांत खात्रीचा प्रकार आहे. पूर्वरंगात सिद्धान्त मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावून तो पटवायचा. एकटा बुवा राजा होतो, राणी होते, चोर होतो, पुन्हा बुवा होतो, आणि कितीही दूर भटकला तरी शेवटी तो देवापाशी परत येणार हे श्रोत्यांना ठाऊक असते. आळेकरांनी ही सगळी यंत्रणा जशीच्या तशी घेतली: झांज, चाल, आळवणी, आख्यान, श्रोत्यांशी थेट बोलणे. फक्त शेवटी ज्याच्यापाशी परतायचे तो काढून घेतला. बुवा स्वतःच मेलेला. सांगणाऱ्यालाच मोक्ष मिळालेला नाही, तर तो इतरांना काय देणार? भारुडातली किल्ली इथे नाही. पण हे झाडाखालचे रिकामे माळरानही नाही. इथे गर्दी आहे.

बेकेटच्या रंगमंचावर दोन माणसे आहेत आणि भोवती पोकळी आहे. पुण्यातल्या नाटकात पोकळीला जागाच नाही. दार लोटून कोणी ना कोणी येतच असते. सांत्वन करायला येतो, तिरडी बांधायला येतो, सल्ला द्यायला येतो. तिथे माणूस अर्थाविना एकटा पडतो, इथे तो अर्थाविना घेरला जातो. सगळे विधी बिनचूक पार पडतात, सगळी वाक्ये वेळेवर उच्चारली जातात, आणि त्या वाक्यांमागे कोणी नसते. आपल्या असंगत, म्हणजेच ॲब्सर्ड, नाटकाची स्वतःची अशी ओळख जर कशात असेल तर ती या गर्दीत आहे, असे माझे मत आहे. ‘घाशीराम’मधली ब्राह्मणांची भिंत घ्या, ‘महानिर्वाण’चे चाळकरी घ्या: समूहच पात्र झाला आहे, आणि तो एकाच वेळी भाबडा आणि क्रूर आहे.

मग फुल्यांच्या विदूषकाचा प्रश्न इथे विचारला तर? भाऊरावांच्या घरातल्या निरर्थकतेवर कोणाचे पोट चालते? दारात जोशी नाही. धमकावून दक्षिणा उकळणारा कोणी नाही. चाळकऱ्यांना त्यात पैसा मिळत नाही, रमेला सुख मिळत नाही, नाना तर गांगरलेला आहे. सुमारे एकशेवीस वर्षांत जोशाला दारात यायची गरज उरलेली नाही, कारण तो घरातल्या प्रत्येकाच्या आत बसला आहे. लाभार्थी आणि बळी ही दोन वेगळी माणसे राहिलेली नाहीत. विधी पार पाडले की आपण सभ्य ठरतो, चाळीत मान राहते, प्रश्न विचारायची वेळ टळते. प्रत्येकाला मिळणारा लाभ इतकाच, आणि तेवढ्यासाठी प्रत्येकजण संपूर्ण ढोंग पेलून धरतो. फुल्यांनी पाहिलेली व्यवस्था इथे पुढच्या टप्प्याला पोहोचली आहे. म्हणूनच आळेकरांच्या नाटकात रात्रीची शाळा नाही. ही सगळी माणसे शाळेत जाऊन आलेली आहेत.

इथे कोणी म्हणेल, सामाजिक कारण दाखवता आले तर ते ॲब्सर्ड कसले, तो उपहास झाला. आक्षेप वजनदार आहे. उपहासकाराला बरोबर काय ते माहीत असते. त्याच्या हातात पट्टी असते आणि तिने तो समाज मोजतो. ‘तृतीय रत्न’ त्या अर्थाने उपहास आहे, आणि त्याला मी ॲब्सर्ड नाटक म्हणत नाही. ‘महानिर्वाण’मध्ये पट्टी कोणाच्याच हातात नाही. प्रेक्षक चाळकऱ्यांना हसतो, आणि हसता हसता त्याला आपला आवाज त्यांच्यात ऐकू येतो. नाटककार स्वतःही बाहेर उभा नाही. कारण दिसते आहे आणि तरी बाहेर पडता येत नाही, ही अवस्था कारणच नसण्यापेक्षा अधिक भयंकर आहे. ती पाहायला मला पॅरिसपेक्षा पुणे अधिक योग्य वाटते.

‘बेगम बर्वे’त (१९७९) आळेकर याच वाटेने आणखी खोल गेले. संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे, त्याला राबवून घेणारा उदबत्तीवाला श्यामराव, आणि स्वप्नांवर जगणारे दोन कारकून. संगीत नाटकाची सत्ता गेली, कंपन्या बुडाल्या. उरली ती गाणी आणि त्या गाण्यांत राहू पाहणारा एक माणूस. कारकुनांच्या कल्पनेत बर्वे खरोखरच स्त्री होतो, गरोदरही होतो. मंडईच्या परिसराला हे नाटक आतून कळावे. इथे पुण्यातले पहिले चित्रपटगृह, १९१५चे ‘आर्यन’, मंडईला लागून होते, शेजारी ‘मिनर्व्हा’. दोन्ही गेली, त्या जागी वाहनतळ झाले, आणि लोक अजून ‘आर्यनला गाडी लाव’ म्हणतात. बर्वे अशाच एका उरलेल्या नावात राहतो. त्याच्या दुःखाला विश्वाचे मौन कारणीभूत नाही, श्यामराव कारणीभूत आहे, आणि बर्व्याला स्वतःला हवे असलेले स्वप्नही कारणीभूत आहे. दोन्ही एकाच वेळी दाखवणे फार कठीण असते. आळेकरांना ते साधले. मराठीतले हे या जातीचे सर्वश्रेष्ठ नाटक आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

बाकीच्यांचा विचार थोडक्यात करतो. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘एक शून्य बाजीराव’ला (१९६६) श्रद्धेची तहान आहे, ते नाटक शून्याच्या काठावर उभे राहून आत हाक मारते. महेश एलकुंचवारांच्या सुरुवातीच्या नाटकांत युरोपचे वाचन जाणवते आणि त्यासोबत एक खरा संतापही. अच्युत वझ्यांच्या ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ने नव्या मुलांना मोकळेपणा दिला, हे ऋण मोठे आहे.

सर्वांत जास्त बोलायला हवे ते प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’वर, आणि असंगत नाटकाच्या चर्चेत त्याचेच नाव येत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीची ही एकांकिका. दोन नट, नेपथ्य जवळपास नाही, दोघेच भूमिका बदलत जातात, खेळ मोडतात, पुन्हा मांडतात. वर्णन ऐकून बेकेट आठवेल. पण इथली दोन माणसे अज्ञात गोदोची वाट पाहत नाहीत. त्यांना पाणी हवे आहे. पाणी समोर आहे, आणि ते कोणी अडवले हे त्यांना माहीत आहे. महाडच्या चवदार तळ्यापासून, १९२७पासून, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. एका घोटासाठी माणसाला माणूस असल्याचे सिद्ध करावे लागते, यापेक्षा अधिक ॲब्सर्ड काय असू शकते? तरीही आपण या एकांकिकेला दलित रंगभूमीच्या कप्प्यात ठेवले आणि ॲब्सर्डचा कप्पा मध्यमवर्गाच्या उदासीसाठी राखला. ही वाटणी करताना निकष कोणता लावला होता? वाट पाहण्याचे कारण ठाऊक असले की नाटक तत्त्वज्ञानातून बाद होते काय? सॅन क्वेंटिनच्या कैद्यांनी तर उलट साक्ष दिली आहे. गज्वी फुल्यांच्या विदूषकाचे थेट वारस आहेत, आणि रूपाने ते बेकेटच्या इतके जवळ आहेत की या दोन परंपरांची खरी गाठ मला त्यांच्यापाशी पडलेली दिसते.

या लेखाची गरज मला एकांकिका स्पर्धांमुळे वाटली. १९६३पासून होत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने पुण्याच्या रंगभूमीला किती नट-लेखक दिले याची यादी लांब आहे, आणि मुलांच्या धडपडीबद्दल मला मनापासून प्रेम आहे. पण एक प्रकारची एकांकिका पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा उगवते. काळे कपडे, रिकामा रंगमंच, एक ठोकळा, ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ अशी पात्रे, मध्येच मोठ्याने हसणे, मध्येच गोठणे, आणि शेवटी सुरुवातीचेच वाक्य. संकेत सगळे आहेत. पण ही दोघे कोण, कुठल्या गावची, त्यांचे भाडे कोण भरते, त्यांना कशाची भीती वाटते, हे लिहिणाऱ्यानेच स्वतःला विचारलेले नसते. असे केल्याने निरर्थकता खोल होत नाही, स्वस्त होते. नोकरीच्या परीक्षेचा निकाल वर्षानुवर्षे लागत नाही म्हणून पेठेतल्या खोलीत अडकून पडलेली हजारो मुले आज या शहरात आहेत. त्यांच्या इतके वाट पाहणे कोणाला ठाऊक आहे? त्यांच्यावर लिहिताना मात्र लेखणी ‘मानवी अस्तित्वा’कडे वळते आणि निकाल कोणी अडवला हे लिहायचे राहून जाते.

बेकेटच्या नावाने कारण लपवता येत नाही, कारण बेकेटने ते लपवले नव्हते. त्याने ते उच्चारले नाही, एवढेच. न उच्चारण्याचा हक्क मिळतो तो कारण स्वतः भोगलेल्या किंवा बारकाईने पाहिलेल्या लेखकाला. आळेकरांना तो मिळाला, कारण त्यांना चाळ, स्मशान आणि कीर्तन तळहातासारखे माहीत होते.

म्हणून पुण्यातल्या नाट्यसंस्थांना आणि महाविद्यालयांतल्या मुलांना माझी एक विनंती आहे. ‘तृतीय रत्न’ रंगमंचावर आणा. जयंतीला दोन उतारे वाचून थांबू नका, पूर्ण नाटक बसवा, कसून तालमी करा, आणि विदूषकाच्या भूमिकेला तुमचा सर्वांत चांगला नट द्या. प्रयोग मंडईत करा, संध्याकाळी, गिऱ्हाईक ओसरल्यावर. आतले ओटे उंच आहेत. विक्रेते दिवसभर तिथूनच गिऱ्हाइकाशी बोलतात, तिथून नटाचा आवाजही पोहोचेल. नेपथ्याला काही लागणार नाही. शक्य झाले तर त्याच रात्री, त्याच प्रेक्षकांपुढे ‘घोटभर पाणी’ करा, आणि दुसऱ्या दिवशी भरतला ‘महानिर्वाण’. महात्मा फुले मंडई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत जोतीराव फुल्यांचे नाटक व्हायला परवानगीच्या एका अर्जापलीकडे फारसे काही लागू नये.